जिताड्याचे शेजारी

नेल्सनने जिताडा घरी आणला तेव्हा तो करंगळीएवढा होता आणि लुईझा नवी नवरी होती. खाडीतल्या जाळ्यात कोलंबीबरोबर चुकून आलेलं ते पिल्लू त्याने पाण्याच्या बाटलीत घातलं आणि थेट पाचूबंदरच्या घरी आणलं. लुईझा नंदाखालची, केळीच्या वाडीत वाढलेली. मासा म्हणजे टोपलीतला, नाहीतर ताटातला, एवढंच तिला ठाऊक. तिला वाटलं, कोळ्यांच्या घरी नव्या सुनेचं असंच काहीतरी कौतुक करत असतील.

सासरे इग्नेशियस मात्र पोट धरून हसले. "जिताडा खायाचा सोडून पाळायचा? उद्या कोंबडीला झबलं शिवशील!"

आता तोच जिताडा कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत लांब झाला होता. बाहेरच्या खोलीत, आल्ताराखालच्या भिंतीला, काचेची पाच फुटी टाकी होती. चंदेरी अंगाचा, पाठीला बाक आलेला तो मासा दिवसभर तिथे एका जागी उभा असायचा. पोहायचा नाही, नुसता उभा. आल्तारावरच्या मरियामातेसमोर लाल दिवा जळायचा, त्याचा उजेड पाण्यात उतरला की जिताड्याचे डोळे निखाऱ्यासारखे पेटायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा लुईझाच्या अंगावर काटा आला होता. अजूनही यायचा.

त्याला सोबत म्हणून नेल्सनने काय काय आणून सोडलं नाही! दुकानातले रंगीत मासे एका दुपारीत संपले. एक बोय मासा होता, लांब, चपळ, तोही एके दिवशी दिसेनासा झाला. करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, टाकली की 'टप्प' असा आवाज यायचा, कोणीतरी बंद खोलीत टाळी वाजवल्यासारखा. पाणी हललेलंही दिसायचं नाही आणि करंदी नाहीशी झालेली असायची.

"सिंपल आहे," नेल्सन म्हणायचा. "तोंडात मावेल ते जेवण, मावणार नाही तो शेजारी."

असे शेजारी शेवटी दोनच उरले. काळुंदरीची जोडी. तळहाताएवढ्या, पण उभट आणि रुंद, पाठीवर काटे, हिरवट अंगावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके. जिताड्याने एकदा तोंड लावून पाहिलं, काटे टोचले, सोडून दिलं. तेव्हापासून तिघं एकमेकांना ओळख न दाखवता एकाच पाण्यात राहत होती.

लुईझाला मुलगी झाली, एल्मा. सात महिने झाले. दुपारी एल्माला पाजायला लुईझा टाकीसमोरच्या खुर्चीत बसायची, कारण पंखा तिथेच नीट लागायचा. आणि त्या खुर्चीतून तिने ते पाहिलं. टाकीच्या डाव्या कोपऱ्यात कौलाचा एक तुकडा तिरका ठेवला होता. त्याच्या खालच्या अंगाला बारीक तपकिरी दाणे चिकटलेले होते, मोहरी सांडल्यासारखे. आणि एक काळुंदर त्यांच्यासमोर उभी राहून कल्ल्यांजवळचे पर हळूहळू हलवत होती. वारा घालत होती. लुईझा बघत राहिली. थोड्या वेळाने दुसरी आली, पहिली बाजूला झाली, दुसरीने त्याच जागी उभं राहून वारा घालायला घेतला. एकही क्षण जागा रिकामी नाही.

"अगो बाई," लुईझा पुटपुटली. मांडीवरची एल्मा दूध सोडून आईच्या तोंडाकडे बघायला लागली.

त्याच आठवड्यात तिच्या प्रयोगशाळेतून फोन आला. पारनाक्याजवळ रक्त-लघवी तपासायची ती लॅब. बाळंतपणाची रजा संपत होती, सोमवारी रुजू व्हायचं, सकाळी सातला. लुईझाला काम आवडायचं. सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबात एवढं जग दिसतं, हे तिला कधी जुनं वाटलं नाही. पण एल्माला कोण बघणार? सासू तर लग्नाआधीच गेलेल्या. नेल्सन विमानतळावर मालवाहतुकीच्या कामाला, त्याच्या पाळ्यांचा भरवसा नाही. नंदाखालला आईकडे भावाची दोन मुलं आधीच होती.

"पप्पा आहेत ना घरी," नेल्सन म्हणाला.

पप्पा होते, हे खरं. कमरेने दगा दिल्यापासून बोटीवर जात नव्हते, सकाळी मासळीच्या लिलावात जाऊन गप्पा मारून यायचे, एवढंच. पण सात महिन्यांत त्यांनी नातीला उचललं होतं ते एकदाच, बाप्तिस्म्याच्या दिवशी, तेही फादर बघत होते म्हणून. "माजे हात खरबरीत," म्हणायचे. "पोरीला ओरबाडतील." आणि हात मागे बांधून लांबूनच बघायचे.

लुईझाने कोणाला सांगितलं नाही, पण मनाशी एक पैज लावली. काळुंदरीची पिल्लं या राक्षसाच्या टाकीत वाचली, तर सोमवारी कामावर जायचं. नाही वाचली, तर आपणही घरी. पैज वेडी आहे हे तिला कळत होतं. पण एकदा लावली की लावली.

तिने सासऱ्यांना हाक मारून अंडी दाखवली. ते वाकले, डोळे बारीक केले.

"गाबोळी," ते म्हणाले. "तव्यावर बेस लागते."

"पप्पा!"

"बरं बरं." पण ते सरळ झाले नाहीत. तसेच वाकून राहिले. जिताडा हळूच पुढे सरकला होता. वारा घालणारी काळुंदर जागची हलली नाही, पण दुसरी बाणासारखी निघाली आणि आपल्या पाचपट माशाच्या नाकावर जाऊन आदळली. जिताडा मागे सरला. पुन्हा आदळली. जिताडा पार उजव्या कोपऱ्यात गेला आणि तिथे शेपूट दुमडून उभा राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

इग्नेशियसांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"गो लुईझा," ते म्हणाले, "जलमभर मासं मारलं मी. पन वरनं बघितलं. जाल्यात आलेला मासा म्हंजे मरनारा मासा. पान्याखाली तो काय करतो, कोनाशी भांडतो, कोनाला सांबालतो... मना ठावंच नवतं."

त्यानंतर खुर्च्या दोन झाल्या. सकाळी ते लिलावातून मूठभर करंदी आणायचे, जिताड्याला पोटभर घालायचे. "भरल्या पोटी कोन भांडतो?" म्हणायचे. अंडी फुटली तेव्हा पहिली हाक त्यांनीच मारली. काळुंदरींनी वाळूत बशीएवढा खड्डा केला होता आणि तोंडाने एकेक पिल्लू उचलून त्यात नेऊन ठेवत होत्या. पिल्लं कसली, वळवळणारे धागे. ज्या तोंडाने शत्रूवर धडकायचं त्याच तोंडात पिल्लू धरायचं, आणि त्याला दातही लागू द्यायचा नाही! लुईझाने नकळत एल्माच्या टाळूवर ओठ टेकले.

"आता खरी मज्या," इग्नेशियस म्हणाले. "दोन दिसांत पोहायला लागतील. मंग आवरनार कोन?"

त्यांनी माळ्यावरून नायलॉनचा दोरा आणि बांबूची सुई काढली. दुपारभर दारात बसून बारीक आसाचं, दाट विणीचं जाळं विणलं, टाकी मधोमध आडवी बंद होईल एवढं. वर बांबूच्या कामटीला बांधलं, खाली शिशाच्या गोळ्या लावल्या. एका बाजूला जिताडा, दुसऱ्या बाजूला काळुंदरींचं घर.

"मासा पकडायला न्हाय, वाचवायला जालं," ते स्वतःशीच हसत म्हणाले. "बापाने बघितलं असतं तर थोबाडला असता मना."

शुक्रवारी लॅबच्या मॅडमनी लुईझाला बोलावलं. सोमवारचं नक्की काय ते समोर येऊन सांग म्हणाल्या. एल्मा नुकतीच झोपली होती. तासाभराचं काम.

"जा," इग्नेशियस म्हणाले. "झोपलेलीच हाय. मी हितंच हाय."

स्कूटर पारनाक्याला पोचेपर्यंत लुईझा दोनदा परत फिरता फिरता राहिली. मॅडमना तिने सांगितलं, "संध्याकाळी फोन करून कळवते." पैजेचा निकाल अजून लागायचा होता, दुसरं काय सांगणार?

ती परतली तेव्हा घरातून आवाज येत नव्हता. रडणं नाही, बोलणं नाही. चपला न काढताच ती आत धावली आणि उंबऱ्यातच थबकली.

इग्नेशियस टाकीसमोर उभे होते. डाव्या हाताने एल्माला खांद्यावर घेतलं होतं. ती जागी होती, आजोबांच्या मानेवर गाल टेकून पाण्याकडे बघत होती. उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात होता. पंजा उघडा, बोटं पसरलेली, तळाशी भिंतीसारखा रोवलेला. पंजाच्या एका बाजूला जिताडा. एवढा जवळ की त्याचा खालचा ओठ बोटांना लागत होता. दुसऱ्या बाजूला, काळुंदरीच्या पोटाखाली, धुराच्या वळशासारखं काहीतरी तरंगत होतं. पिल्लं. पोहायला लागली होती.

"आवाज करू नको," ते पुटपुटले. "आदी जालं ताणून बांद. पोर मंगा घे."

"काय झालं?"

"चूक माजी. जालं ढिलं सोडलं. हाताची सवय, गो. ताठ जाल्यात मासा येत न्हाय, पोट सोडावं लागतं. पन ही तर भिंत! जिताड्याने नाक घातलं जाल्याच्या पोटात, शिसं उचललं, आनि आला खालनं. तवाच पोर उठली रडत. हिला घेतलं, त्याला अडवलं."

"केव्हापासून उभे आहात असे? तुमची कंबर..."

"कंबर र्‍हावू दे. आऽई!" त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"जिताडा चावला?"

"तो कशाला चावतो! तो बिचारा इचारात पडलाय. या दोघी चावतायत! मी यांची पोरां वाचवतो आनि या मलाच..."

खरंच, काळुंदरी आळीपाळीने त्यांच्या मनगटावर धडका देत होत्या. एक जायची, दुसरी यायची. जिताडा असो की माणूस, त्यांना सगळे सारखेच. आणि तो खरबरीत हात, ज्याने हजारो माशांची डोकी मोडली होती, निमूटपणे मार खात जागचा हलत नव्हता.

लुईझाने कामटी उचलून जाळं वर घेतलं. जिताडा जाळ्याला घासत आपल्या बाजूला परत गेला, तसा तिने फुगा खेचून दोन्ही टोकांना ताण दिला आणि खालच्या शिशावर अंगणातले दोन दगड ठेवले. वळताना त्याचा डोळा क्षणभर लाल दिव्यात पेटला, आणि लुईझाला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली नाही. एवढं मोठं तोंड, एवढी भूक, आणि पुढ्यात एक म्हातारा पंजा. जवळ येऊन त्याने पाहिलं होतं, आणि थांबला होता. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

इग्नेशियसांनी हात बाहेर काढला. मनगटावर लाल ओरखडे उठले होते. काही पिल्लं गेली असणार, 'टप्प' असा आवाज एकदा झाला होता, हे त्यांनी लपवलं नाही. पण धुराचा तो वळसा काळुंदरीखाली अजून होता, हलत होता, आणि समोरून दुसरी येऊन आपल्या पाळीला उभी राहत होती.

लुईझाने एल्मासाठी हात पुढे केले. एल्माने तिच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा आजोबांच्या मानेवर गाल टेकला. ओल्या हाताने त्यांनी तिची पाठ सावरली. झबल्यावर पाण्याचा पंजा उमटला.

"ओरबाडली न्हाय ना मी तिला?" त्यांनी विचारलं.

"नाही, पप्पा."

तिने पर्समधून फोन काढला, मॅडमचा नंबर लावला आणि वाट बघताना सासऱ्यांना म्हणाली, "सोमवारी मी साडेसहाला निघेन. चालेल?"

इग्नेशियस टाकीकडेच बघत होते.

"मंग करंदी तुज्याआदी आनून ठेवतो," ते म्हणाले. "याला उपाशी ठेवून चालायचं न्हाय. तू आलीस की मंग माजी कंबर टेकायची पाळी."