आतला माणूस

“चूक आहे!” आबा ओरडले आणि साठ वादकांचा तो सगळा मेळा जागच्या जागी थांबला.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आबा म्हणजे माझे सासरे. वय शहाऐंशी, दोन्ही कान गोदीत गेलेले. तरुणपणी जहाजाच्या पत्र्यांवर हातोडा चालवला, त्याची ही कमाई. पासष्ट वर्षांपूर्वी मालकांनी ती गोदी बंद केली, तेव्हा कामगारांनी संप केला नाही. उलट कुलूप तोडून आत शिरले आणि अर्धवट राहिलेलं जहाज बिनपगारी पुरं करत बसले, तब्बल सत्तर दिवस. हातोड्यांचा आवाज शहरात येतोय तोवर लढा चालू आहे, असं लोक समजायचे. तो लढा आता कोणी संगीतात बांधला होता, आणि त्यातला शेवटचा हयात माणूस म्हणून आबांना तालमीला बोलावलं होतं. ते पहिल्या रांगेत बूट काढून, तळपाय लाकडी जमिनीला टेकवून बसले होते. त्यांना जे काही ऐकू येतं ते तळपायांतून, तेवढंच.

संगीतकार बाई मंचावरून खाली उतरल्या. तीन वर्षं खपल्या होत्या त्या या रचनेवर. आता आमची हजेरी घेतात, असं मला वाटलं.

“काय चुकलं, आजोबा?” त्यांनी ओठ सावकाश हलवत विचारलं.

“आतला कुठाय?”

“आतला म्हणजे?”

आबांनी मला पुढे ओढलं आणि माझा तळहात उभा धरला. “हा पत्रा. भोकात लालबुंद खिळा. बाहेर मी, हातोडा घेऊन. आत दुसरा माणूस, खिळ्याच्या डोक्यावर लोखंडी ठोकळा दाबून. मला तो दिसत नाही, त्याला मी दिसत नाही. त्याची पकड बसली की तो आतून दोनदा ठोकणार. टक टक. मगच माझा घाव. आधी मारला तर त्याचा हात गेला. आणि तुमचे ढोल आपले मारत सुटलेत! आत माणूस आहे की नाही, विचारलंत का?”

“पण हे कुठेच लिहिलेलं नाही हो. मी सगळे कागद चाळलेत.”

“गोदीबाहेर ऐकूच यायचं नाही कोणाला. लिहिणार कोण?”

“तुमच्या वेळी आत कोण असायचं?”

“माझा थोरला भाऊ.”

या भावाबद्दल आमच्या घरात इतकंच माहीत होतं, की ते गोदीत वारले. कसे, ते आबांनी ना सासूबाईंना कधी सांगितलं, ना माझ्या नवऱ्याला.

“कार्यक्रम परवावर आलाय,” बाई म्हणाल्या. “मध्येमध्ये असं थांबलं तर लय मोडेल.”

“मोडू द्या की. आमचीही मोडायची.”

बाईंनी ढोलवाल्यांकडे पाहिलं, मग आबांकडे. “तुम्ही ठोकाल?”

आता मात्र मला राहवेना. “अहो, ऐकू येत नाही त्यांना. भरल्या सभागृहात फजिती झाली तर?”

“होऊ दे फजिती,” माझ्या तोंडाकडे बघत आबा म्हणाले. “सूनबाई, मी गेल्यावर हे सांगणारं कोणी नाही. आत्ता राहिलं तर दादा कायमचा राहिला.”

कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर बसायला आबांनी साफ नकार दिला. आतला माणूस दिसत नसतो, म्हणाले. मग कडेच्या पडद्यामागे लोखंडाचा एक पत्रा टांगला, समोर स्टूल ठेवलं, आणि त्यांना सांभाळायला शेजारी मी. रचनेत नऊ वेळा टकटक होती. जमीन हादरायची थांबली की आबांनी ठोकायचं, असं ठरलं होतं.

बाईंनी हात वर केले. आबांना कसलीही घाई नव्हती. त्यांनी तळवे पुसले, स्टूल पुढे सरकवलं, हातोडी नीट धरली. टक टक. आणि आठ ढोलांवर एकदम घाव पडला.

या घरात येऊन मला बावीस वर्षं झाली. गोदीच्या गोष्टी ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण आज माझे दात हलत होते, पडदा थरथरत होता, आणि हे असं सत्तर दिवस चाललं होतं, हे मला पहिल्यांदा कळत होतं. चहा गार झाला म्हणून रोज कुरकुरणारा हा म्हातारा दोनदा ठोकत होता, आणि त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नव्हतं. मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

आठ टकटक झाल्या. ढोल थांबले. नवव्याला आबांनी हातोडी उचलली आणि ती तशीच वर राहिली.

विसरले! पडद्याच्या फटीतून ढोलवाले दिसत होते, काठ्या उगारलेले, दंड थरथरणारे. बाई हात वर करून उभ्या. सभागृहात कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मी आबांच्या कोपराला हात लावणार, तेवढ्यात त्यांचा चेहरा दिसला. ते काही विसरले नव्हते. ते कान देऊन ऐकत होते.

“एवढाच वेळ थांबलो होतो मी,” ते मला म्हणाले, नेहमीच्याच चढ्या आवाजात, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “टकटक आलीच नाही. आत जाऊन बघितलं, तर दादा ठोकळ्यावर डोकं टेकून. खिळे तापवायच्या भट्टीच्या धुरानं गुदमरून गेला होता.”

बाईंचे हात वरच होते.

“दुसऱ्या दिवशी आत मी बसलो. सगळं शहर ऐकत होतं, थांबून कसं चालेल?”

त्यांनी बाहीनं डोळे पुसले, हातोडी सावरली आणि दोनदा ठोकलं. ढोल पुन्हा सुरू झाले. नऊ पुरे झाले होते. पण आबा पाय रोवून पुढच्या खिळ्याची तयारी करत होते, आणि त्यांना थांबवायला माझा हात काही उचलला गेला नाही.