रस्त्यापलीकडची विहीर

झाकणांचा कारखाना आमच्या गावात आला नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी रडायला नको. आता हे विसरून जा. कारखाना येणार आहे, मालक उद्या सकाळी जागा बघायला येतोय आणि आमचा पुढारी काकूच्या ओट्यावर बसून फुकटचा चहा पितोय.

"बाटल्यांची झाकणं!" पुढारी म्हणाला. "जगात जेवढ्या बाटल्या तेवढी झाकणं लागणार, वहिनी. जमीन आपण फुकट देतोय, वीज निम्म्या दरात, वर कर माफ. शिवाय रस्ता!"

"रस्त्याचं नाव काढू नका," काकू म्हणाली.

रस्ता इतका गुळगुळीत, की त्यावर पाय ठेवताना चपला काढाव्याशा वाटत. उद्योगधंदे यावेत म्हणून तो केला होता आणि ते येईपर्यंत त्यावर कुत्री झोपत होती. तो गेला नेमका काकूच्या रानातून. कांद्याचा तुकडा अलीकडे राहिला, विहीर पलीकडे गेली आणि मधोमध कमरेएवढी सिमेंटची भिंत उभी राहिली. वरून पाइप टाकला, की रस्त्याचा राखणदार गुंडाळून नेई. खालून टाकायला परवानगी हवी, आणि परवानगी देणारे साहेब बदलून गेलेले. बैलगाडीत पिंप घालून आणावं, तर वळायची जागा पार टेकडीपलीकडे. परत येईपर्यंत निम्मं पाणी सांडे आणि उरलेलं बैल पिऊन टाकी.

कांदा पोसायला आला होता. आता पाणी मिळालं नाही, तर गोट्या खेळायच्या लायकीचा होणार होता. काकूचं वर्ष त्या तुकड्यावर निघायचं, आणि माझं काकूवर.

"मग मलाही द्या की सवलत," काकू म्हणाली.

"वहिनी, सवलत उद्योगाला असते. उद्योग म्हणजे, जिथं चार माणसांना काम मिळतं."

काकूनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हा पुतण्या आहे."

"हा काम करतो?"

काकू खोटं बोलत नाही. ती गप्प बसली. मी तर बसलेलोच होतो.

"खरी पंचाईत वेगळीच आहे," पुढारी म्हणाला. "मालकाला वर्दळ दिसायला पाहिजे. नाहीतर म्हणेल, इथं कुणी फिरकत नाही, मीच कशाला येऊ? गावातले ट्रॅक्टर, फटफट्या आणि तो एक टेम्पो, सगळं त्याच्या पुढ्यातून फिरवत ठेवतो. पण वळण पडलं टेकडीपलीकडे! गाडी परत येईपर्यंत मालक घोरायला लागेल."

"मग माझ्या रानासमोर भिंत फोडा," काकू म्हणाली. "तिथल्या तिथं वळतील."

"वहिनी, तुम्ही राजकारणात यायला हवं होतं!"

"कांद्याला कोण बघेल?"

उजाडताच भिंत फुटली. मालक आला, छत्रीखाली खुर्ची टाकून बसला आणि वर्दळ सुरू झाली. काकू पिंपं घेऊन विहिरीपाशी उभी. पहिलाच ट्रॅक्टर तिनं अडवला.

"रिकामा काय पळवतोस? वर माल नको दिसायला?"

हे सगळ्यांना पटलं. गाड्या विहिरीपाशी भरायच्या, मालकापुढून दिमाखात जायच्या, खिंडारातून वळून कांद्यात रिकाम्या व्हायच्या आणि पुन्हा विहिरीकडे. फटफटीवाल्यांच्या मांडीत डबे. टेम्पोत एक शेळी होती. ती उतरायलाच तयार नव्हती, म्हणून तीही वर्दळीत.

"ही शेळी मघाशी गेली ना?" मालकानं विचारलं.

"ती जुळी बहीण, साहेब."

थोड्या वेळानं शेळी पुन्हा आली. मालकानं नुसतं पुढाऱ्याकडे पाहिलं.

"मोठं घराणं आहे," पुढारी म्हणाला.

मालक उठला आणि एका ट्रॅक्टरच्या मागोमाग चालत थेट कांद्यात पोचला. काकू घोटाभर चिखलात उभी राहून वाफ्यावाफ्यांत पाणी फिरवत होती.

"बाई, ही सगळी वाहतूक तुमच्याकडेच येते?"

"हो."

"येतं काय?"

"पाणी."

"आणि इथून जातं काय?"

"रिकामी पिंपं. जरा सरका, शेवटचा वाफा राहिलाय."

मालक सरकला. वाफा भरेपर्यंत उभाही राहिला. मग बूट झटकत गाडीत बसला आणि म्हणाला, "रस्ता मात्र झकास. जेवायला घरी पोचतो."

पोचला असणार. रस्ताच तसा आहे.

"वहिनी, तुमच्या कांद्यापायी कारखाना गेला!" पुढारी थयथयाट करत आला.

"चार माणसांना काम दिलं की उद्योग, असं तुम्हीच म्हणालात. मी आज अख्खं गाव कामाला लावलं. करा कर माफ."

पुढारी चहा न घेता गेला. असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा बांधली, आधीपेक्षा जाड. कांदा मात्र तरारला. आता आणखी एक पाणी मिळालं की सुटला. म्हणून काकूनं मला समोर बसवून अर्ज लिहायला लावला. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं काम, तेव्हा चूकभूल माफ असावी:

"मा. साहेब, रस्ता आहे तिथंच राहू द्यावा, त्याबद्दल आमची तक्रार नाही. कामाच्या जागी वर्दळ दाखवायची झाल्यास शेळी आम्ही पुरवू. तरी सदर विहीर, आतल्या पाण्यासकट, रस्त्याच्या अलीकडे सरकवून मिळावी, ही नम्र विनंती."