थोट्यांचा काटा

दोन वर्षांपूर्वी आसेगावच्या शिवारात आभाळातून माठाएवढा काळा गोळा पडला, तो नेमका वैजयंतीच्या वांग्याच्या मळ्यात. तो फुटला आणि आतून बोटभर जीव सरपटत बाहेर आले. वाढून वाढून ते खारीएवढे झाले, पण ना हात, ना पाय. नुसतं तोंड आणि चिकट लाळ. वैजयंती त्यांना थोटे म्हणायची.

"किडेच हायेत, राहू दे," असं तिचा नवरा चंपत म्हणाला होता.

पहिल्या वर्षी मुंगसानं त्यांची निम्मी पिल्लं फाडून खाल्ली. मग थोटे शिकले. एक जण बाभळीचा काटा दातात धरायचा, दुसरा तो लाळेनं तुऱ्हाटीला, जमिनीत उभ्या तुरीच्या काडीला, चिकटवायचा. वीस जण मिळून तिचा शेंडा तोंडानं ओढत वाकवायचे आणि अंबाडीच्या धाग्यानं खुंटीला अडकवायचे. मुंगूस टप्प्यात आलं की एक जण धागा कुरतडायचा. मुंगसाच्या गळ्यातून काटा आरपार गेला, तेव्हा भेंडी तोडणाऱ्या वैजयंतीला बरंच वाटलं.

यंदा कार्तिकात रानडुक्कर मेलं. दोन्ही डोळ्यांत काटे, पोट आतून पोखरलेलं. चंपत हादरला.

"उद्या एखाद्या लेकराच्या डोळ्यात जाईन हे."

"आपल्याले काय केलं त्यायनं?"

त्यानं ऐकलं नाही. फावडं घेऊन त्यानं त्यांचं मातीचं घर फोडलं. पहिल्याच घावात दहा-बारा चिरडले. दुसरा घाव पडायच्या आत तुऱ्हाट्या सुटल्या आणि काटा त्याच्या उजव्या डोळ्यात रुतला. तो कोसळला तसे थोटे त्याच्या गळ्यावर चढले. वैजयंतीनं ते ओरबाडून काढले. लाळेसोबत त्याची कातडीही निघाली.

वाशिमच्या दवाखान्यात डोळा काढावा लागला. तिसऱ्या दिवशी चंपत म्हणाला, "जाळून टाक."

दुपारी ती डिझेलचा डबा घेऊन मळ्यात गेली. तुऱ्हाट्या वाकवून तयार होत्या, पण तिला पाहून राखणीवरच्या थोट्यानं धागा तोडला नाही. ते तिला ओळखत होते. तिनं त्यांच्या घरावर डिझेल ओतलं आणि काडी ओढली.

पेटलेले थोटे किंचाळत बाहेर आले. तिनं एकेकाला तिथंच पडलेल्या फावड्यानं ठेचलं. पायावर रक्त उडत होतं, निळसर, गरम.

तेवढ्यात पाच जण दिसले. भाजलेल्या मातीच्या परातीत पिल्लं ठेवून, तिला बांधलेले धागे तोंडात धरून ते ती नाल्याकडे ओढत होते. तिनं मागं जाऊन फावडं उगारलं. अर्धा जळालेला एक थोटा वळला. त्यानं तोंडात काटा धरला आणि तिच्यासमोर उभा ठाकला. बाकीचे ओढतच राहिले.

संध्याकाळी दवाखान्यात चंपतनं विचारलं, "झालं?"

"झालं. पाच सोडले."

"काहून?"

"हात उठला नाही."

चंपतनं पट्टी बांधलेलं तोंड भिंतीकडे फिरवलं. वैजयंतीनं जेवणाचा डबा उघडला, दुधात भाकर कुस्करली आणि तो वळायची वाट पाहत बसली.