कचरू नावाचं फोल्डर

आमच्या घरात अकरा हजार गाणी होती आणि ती सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला ‘धर्मराज मोबाईल’ असा बोर्ड आहे ना, ते आमच्या यांचं दुकान. आष्टीकडची, घनसावंगीकडची माणसं बसमधून उतरली की खिशातलं मेमरी कार्ड काढून द्यायची, आणि त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत यांनी ते भरून ठेवलेलं असायचं. दुकानात धूळ फार, म्हणून मोठा कॉम्प्युटर घरी ठेवला होता. नवी गाणी आधी घरी यायची, मी ती ज्या-त्या फोल्डरात लावायची आणि मगच ती छोट्या डिस्कवर चढून दुकानात जायची.

मी सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं माझ्या ओळखीची आहेत, पण रस्त्यात भेटलेल्या माणसाशी असते तेवढीच ती ओळख. मराठीत नाव दिलं तर दुकानातल्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन दिसायचे, म्हणून सगळी नावं इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागायची. भजनं एका फोल्डरात, भीमगीतं दुसऱ्यात, लग्नातली वेगळी, जुनी हिंदी वेगळी. प्रत्येक गाणं दोन ओळी ऐकायचं आणि त्याच्या घरी नेऊन बसवायचं. मधेच तुटणारं, खरखरणारं किंवा दुसऱ्यांदा आलेलं गाणं ‘कचरा’ नावाच्या फोल्डरात टाकायचं आणि जागा संपली की ते अख्खं फोल्डर उडवायचं. उडवताना शिफ्टचं बटण दाबून ठेवायचं, म्हणजे मागे काहीसुद्धा राहत नाही, हे मला यांनीच शिकवलं होतं. मला ते काम आवडायचं. चूलभांड्यांत नसतो तसा एक हिशेबशीरपणा त्यात होता आणि तिथे माझं कधी काही चुकत नव्हतं.

आमचा पहिला मुलगा नऊ महिन्यांचा होऊन गेला. त्याचं नाव पत्रिका दाखवून, चार माणसांना विचारून ठेवलं होतं. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी बाळ घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारच्या मालनबाईंनी “कुणी टाकून दिलं गं बाई हे लेकरू” म्हणत ते उचललं आणि सुपात घालून पसाभर ज्वारीच्या बदल्यात मला परत दिलं. टाकून दिलेल्या लेकरावर कुणाची नजर जात नाही म्हणे. म्हणून त्याचं नाव कचरू.

कचरूचा आवाज यांनी दीड वर्ष मोबाईलवर भरून घेतला. पहिलं खिदळणं, मग ‘बू’, मग कोंबडीला हाकलतानाचं ‘हाय हाय’, आणि सगळ्यात शेवटी ‘आये’. सगळं मोबाईलवरून काढून कॉम्प्युटरवर एका फोल्डरात ठेवलं आणि फोल्डराला त्याचंच नाव दिलं. “पहिल्याचं आपण काहीच ठेवलं न्हाई,” एवढंच तेव्हा हे म्हणाले होते. कचरा आणि कचरू, पडद्यावर एकाखाली एक. इंग्रजीत शेवटी तिथे ए आणि इथे यू, बाकी सगळी अक्षरं सारखी.

तो दिवस लग्नसराईतला. आमच्याकडे दहाला लाईट जायची आणि दोनला यायची. पावणेदहाला यांचा दुकानातून फोन आला, “बेबी, घरच्या डिस्कवर जागा न्हाई उरली. तेवढा कचरा काढ जल्दी, लाईट जायच्या आत. नवी गाणी उतरवायचीत.” दूध उतू जात होतं, कचरू माझ्या पायात घोटाळत होता. मी एका हाताने त्याला धरलं आणि दुसऱ्या हाताने शिफ्ट दाबून ते फोल्डर उडवलं. खरंच उडवायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी हो म्हटलं. पट्टी सरकत शेवटपर्यंत गेली आणि लाईट गेली.

दोन वाजता पडदा उजळला तेव्हा कचरा जिथल्या तिथे होता.

मी कितीतरी वेळ खुर्चीत बसून होते. उंबऱ्यावर कचरू बसला होता आणि समोर मालनबाई त्याच्या पोटावर बोटं फिरवत होत्या. तो मान मागे टाकून हसत होता. तोंड उघडलेलं, खांदे हलताहेत, डोळ्यांत पाणी. हसू मात्र माझ्यापर्यंत आलं नाही. हायवेवरून उसाचा ट्रक गेला असेल, त्यात बुडालं असेल, असं मी मनाला सांगितलं. ट्रक गेल्यावरही तो हसतच होता.

तीन दिवसांनी ‘बू’ गेलं. ओठ जुळायचे, गाल फुगायचे, आणि पुढे काही नाही. मग अंगणात तो हात उगारून कोंबडीमागे धावला, कोंबडी ओरडत पळाली, आणि मला फक्त कोंबडी ऐकू आली. जे ज्या क्रमाने भरलं होतं त्याच क्रमाने ते जात होतं, हे माझ्या ध्यानात आलं. आता एकच उरलं होतं. त्या आठवड्यात मी त्याला खाली ठेवलं नाही. दिवसभर त्याच्याकडून ‘आये’ म्हणवून घेत राहिले आणि तो कंटाळून माझं तोंड हाताने झाकायचा. गुरुवारी सकाळी तो माझा पदर ओढत उभा होता. ओठ उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले. मी भांडं ठेवून खाली बसले आणि त्याच्या तोंडाला कान लावला. गरम श्वास लागला, बस.

बाकी कुणालाच काही वेगळं वाटत नव्हतं.

“केवढं बोलून राह्यलं गं हे!” मालनबाई म्हणाल्या. “दुर्गाबाई, तुमच्यावर गेलंय. तोंडाला फुरसत न्हाई.”

“माझ्यावर गेलंय तेच बरंय,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्यावर गेलं असतं तर गावभर चुगल्या सांगत फिरलं असतं.”

दोघी हसल्या. कचरूही हसला असावा.

अंबडच्या डॉक्टरांनी माझे कान तपासले. बिलकुल ठीक आहेत म्हणाले. झोप होते का, विचारलं, आणि गोळ्या लिहून दिल्या. कान ठीक होते हे मलाही ठाऊक होतं. स्टँडवर कंडक्टरने मारलेली घंटी मला घरात ऐकू यायची.

शेवटी मी यांना सांगितलं, पण अर्धंच. फोल्डर माझ्या हातून गेलं, एवढंच. हे पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवून बघू लागले. मग म्हणाले, “गेलं तर गेलं. लेकरू तर समोर हाय ना? पुन्हा भरू.” रागावले असते तर बरं झालं असतं, तर कदाचित उरलेलं अर्धंही मी रडत सांगून टाकलं असतं. ते सांगितलं नाही याचा मला आज फोल्डरपेक्षा जास्त पस्तावा होतो.

यांनी लगेच मोबाईल काढून कचरूला पुढ्यात बसवलं. नंतर एकटी असताना मी ते लावून ऐकलं. पंखा होता. लांबून एसटीचा हॉर्न होता. माझाच आवाज होता, “बोल ना बाळा, बोल.” त्यानंतर मोकळी जागा होती, एखादं उत्तर मावेल एवढी. मग यांचं हसणं. पुन्हा माझा आवाज, पुन्हा तेवढीच जागा. त्या जागा मी इतक्या वेळा ऐकल्या की कुठली केवढी आहे हे मला पाठ झालं.

मग मी माणसांच्या तोंडाकडे बघायला शिकले. त्याने काही म्हटलं की सासूबाईंच्या चेहऱ्यावर उमटायचं आणि मी तिथून ते उचलायची. त्या तांब्याकडे वळल्या तर मीही “पाणी पाहिजे का?” म्हणायची. त्या हसल्या की मीही हसायची. चार-सहा महिने असे निभावले. तेवढ्यात तो मोठा झाला, त्याची वाक्यं लांब झाली, हे मला दुसऱ्यांच्या उत्तरांवरून कळायचं. एकदा मात्र मी मोरीवर पाठ करून भांडी घासत होते आणि मालनबाई कुडाच्या पलीकडून धावत आल्या. कचरूचा पाय बाजेच्या सुंभात अडकून तो उलटा लोंबकळत होता, तोंड लालबुंद झालं होतं.

“घंटाभर झाला लेकरू ‘आये, आये’ करून राह्यलं,” त्या माझ्यावर ओरडल्या. “मला तिकडं ऐकू आलं. तुला दोन हातांवर आलं न्हाई?”

मी त्याला उराशी धरलं. त्याचं अख्खं अंग हुंदक्यांनी हादरत होतं आणि घरात फक्त नळाची धार वाजत होती. त्या दिवसानंतर तो रडताना माझ्याकडे यायचा बंद झाला.

काल रविवार होता. जेवणं झाल्यावर सगळे ओसरीत बसलो होतो. हे दुकानातून लवकर आले होते, मालनबाई पान लावत होत्या, कचरू आजीच्या मांडीवर होता. बोलता बोलता तो थांबला आणि माझ्याकडे वळला. मला बरं वाटलं, कारण हल्ली तो माझ्याकडे फारसा बघत नाही. मग तो बोलू लागला. पुष्कळ वेळ बोलला. मधे एकदा थांबला, बोटाने जमिनीवर रेघ ओढली आणि पुन्हा बोलला.

मी नेहमीसारखं सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं. त्यांचा त्याच्या केसांतून फिरणारा हात जागीच थांबला होता. मालनबाईंनी पान तसंच हातात धरलं होतं. हे खाली बघत होते. कुणाच्याच चेहऱ्यावर मला घेता येईल असं काही नव्हतं.

“लेकरू तुला विचारून राह्यलं, बेबी,” हे अगदी हळू आवाजात म्हणाले. “जवाब दे त्याला.”

कचरू वाट बघत होता. ओठ मिटलेले, डोळे माझ्यावर. फार वेळ लावला तर त्यांना कळेल, अशी मला भीती वाटली. मी हसले आणि त्याच्याकडे बघून म्हटलं, “हो रे बाळा. हो.”

 सासूबाईंनी पदर पुढे घेतला आणि हळूच त्याचं तोंड माझ्याकडून दुसरीकडे फिरवलं.