कानातली बाई

पल्लवीला पोलीस व्हायचं होतं, आणि आडवे येत होते फक्त आठशे मीटर. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आली तर पैकीच्या पैकी गुण, नाहीतर दहिवडीकडच्या माळावर आईची मेंढरं आहेतच. पोरगी पळायची झकास, पण कानातल्या बाईच्या जिवावर.

ही बाई म्हणजे फोनमधलं ॲप. "दोनशे मीटर, बेचाळीस सेकंद," असं ती गोड आवाजात सांगायची आणि पल्लवी पाय उचलायची किंवा आवरायची. गेल्या साली साताऱ्याला भरतीच्या मैदानावर दारातच फोन जमा करून घेतले. कानात नुसता शुकशुकाट. बाकीच्या पोरी सुसाट सुटल्या तशी हीपण सुटली, आणि दुसऱ्या फेरीत पोटात कळ येऊन जी खाली बसली ती बसलीच. दोन दिवस तिनं घरात कुणाला तोंड दाखवलं नाही. पाहुणे स्थळं सुचवायला लागले होते. आई, रंगुबाई, एवढंच म्हणाली, "आनी एक साल थांबवती सगळ्यास्नी. फुडचं माझ्या हातात न्हाई."

गावातले नानासो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सकाळी शाळेच्या मैदानावर पोरापोरींना फुकट पळवायचे आणि शिव्याही फुकटच द्यायचे. त्यांनी पल्लवीच्या कानातलं यंत्र बघितलं.

"पळतंय कोण गं? तू का ती बाई?"

"आवं नाना, तिच्याबिगर मला कळतच न्हाई किती झालं ते."

"मग तिलाच धाड की भरतीला!"

पल्लवीला असा राग आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. आता हा म्हातारा फोन काढून घेणार, असं तिला वाटलं. पण नानासो म्हणाले, "फोन आसू दे. लय कामाचा हाय. फकस्त पळताना त्या बाईचं तोंड बंद. पळून झालं की आदी तू सांगायचं किती लागलं. मग त्यो सांगंल."

पहिल्या दिवशी ती ऐटीत म्हणाली, "दोन पन्नास." फोननं तीन अकरा दाखवले. नानासो हसून बेजार. महिनाभर रोज अशीच फजिती चालली. हळूहळू मात्र कुठल्या वळणावर तोंडानं श्वास सुरू होतो, मांड्या कधी भरून येतात, हे तिला ओळखू यायला लागलं. रंगुबाईला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. "मेंढरं कोंडताना एक जरी कमी आसलं तरी मला मोजल्याबिगर उमगतं," ती म्हणाली. दिवाळीपर्यंत पल्लवीची चूक तीन-चार सेकंदांवर आली.

भरतीच्या दिवशी फोन पुन्हा दारातच राहिला. शिट्टी झाली आणि पोरी तशाच सुसाट सुटल्या. पल्लवीचेही पाय शिवशिवले, पण छाती सांगत होती, एवढं नको. तिनं छातीचं ऐकलं. पहिल्या फेरीला ती शेवटून तिसरी होती, आणि कडेनं कुणीतरी हसलंही. दुसऱ्या फेरीत एकेक पोरगी मागं पडायला लागली. शेवटच्या वळणावर तिनं उरलंसुरलं सगळं ओतलं.

रेषेपलीकडं गुडघ्यांवर हात टेकून ती पुटपुटली, "दोन सत्तेचाळीस." थोड्या वेळानं साहेबांनी यादी वाचली. पल्लवी, दोन अठ्ठेचाळीस. ती तिथंच मातीत बसून हमसून रडली.

दारातून फोन घेतला, आधी आईला सांगितलं, मग नानासोंना लावला.

"नाना, दोन अठ्ठेचाळीस! पर मी सत्तेचाळीस म्हनलं हुतं. एक सेकंद चुकले."

नानासो म्हणाले, "तू न्हाई गं चुकली. त्यांचं मशीन चुकलं आसंल."