ठमीची रेघ

"मावशी, मुसळ जरा हळू टाका," तेजल मॅडम मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या.

"हळू टाकलं तं भात कोन कांडल? तुजा लॅपटाप?" असं म्हणून ठमीने मुसळ हाणलं. पडद्यावरची सरळ रेघ बेडकासारखी उडाली.

चोर सापडला. ठमी आणि तिचा नवरा दामू यांच्या घरामागे खडकावर सरकारने सिमेंटची खोली बांधून भूकंप मोजायचं यंत्र बसवलं होतं. त्याची रेघ थेट बोईसरच्या ऑफिसात उमटायची आणि तेजल मॅडम ती वाचायच्या. रोज सकाळी बारीक हादरे येतात कुठून, हे त्यांना कळेना. खाणीतले सुरुंग बघून झाले, मालगाड्या झाल्या. शेवटी जीप काढून त्या वाणगावच्या वर आमच्या पाड्यावर आल्या, तर भूकंप निघाला ठमीच्या पडवीत, जमिनीत पुरलेल्या उखळात.

खऱ्या हादऱ्यांना पाडा पहिल्या वर्षी फार भ्याला. भिंतींना भेगा गेल्या, सगळे अंगणात झोपलो. मग सवय झाली. इतकी की, एकदा पंधरवडाभर जमीन हलली नाही तर कोंबड्यांना चक्कर यायला लागली. जिव्या ताडीच्या झाडावर असताना हादरा बसला, तर खाली उतरून म्हणतो, "मी प्यालो नव्हतो, झाड प्यालं व्हतं." मी कशाला खोटं सांगू? झाडाला वास येत होता.

मॅडमनी दामूला बाजूला घेतलं. "काका, खरा हादरा कुठला आणि मुसळ कुठलं, हे मला तिकडे बसून कळत नाही. असंच चाललं तर यंत्र दुसऱ्या गावी न्यावं लागेल."

दामूचं तोंड उतरलं. खोलीभोवतीचं गवत तोच कापायचा, बकऱ्या तोच हाकलायचा. हादरा बसला की सगळे त्याच्याकडे धावत, "दामू, केवढा व्हता?" यंत्राला ना काटा, ना आकडा. पण हा दाराला कान लावायचा, गंभीर चेहऱ्याने "बारका व्हता" म्हणायचा, आणि माणसं निवांत घरात परतायची. यंत्र गेलं तर त्याने कान कुठे लावायचा?

"गिरणीत दे ना भात," तो ठमीला म्हणाला.

"नव्याला कणसरीपुढं गिरणीचा तांदूळ ठेवू? धान्याची माय हाय ती! आन यंत्र तुजा घरजावई हाय का, म्हून मी मुसळ सोडू?"

नव्या भाताच्या दिवशी देवीला घरी कांडलेलाच तांदूळ, हे सगळा पाडा पाळतो. ठमी बाकीचं वर्षही गिरणीला शिवत नसे.

तोडगाही तिनेच काढला. "कांडायच्या आधी या पोरीला एक मिसकॉल मार. झालं का दोन मार."

मॅडम हसल्या, पण कबूल झाल्या. तेव्हापासून एक मिसकॉल आला की त्या रेघेवर लिहायच्या: ठमी. शेजारच्या टेबलावरच्या मिश्राजींनी एकदा विचारलं, "मॅडम, ये ठमी कौनसा पहाड़ है?"

"है एक. हिलता नहीं, हिलाता है."

यंदा भाताला लोंब्या धरल्या आणि ठमी साध्या तापाने गेली. मिसकॉल थांबले. बोईसरची रेघ कशी स्वच्छ झाली. पाड्यात मात्र सकाळ कधी झाली ते आम्हाला कळेनासं झालं.

नव्याचा दिवस आला. कांडणं बायकांचं काम, म्हणून माझी बायको जमना दामूच्या पडवीत गेली. तिने मुसळाला हात घातला, तर दामूने तो बाजूला केला. खिशातून फोन काढून एक मिसकॉल मारला, फोन माझ्या हातात दिला आणि उखळापाशी उभा राहिला.

"आता बाप्या कांडतो का?" जमना पुटपुटली. पण हसली नाही.

थोड्या वेळाने फोन वाजला. "काका, यंत्र बिघडलं का? मिसकॉल आला, पण हे मुसळ वाटत नाही. पडतंय, थांबतंय, मधेच तिरकं पडतंय."

"दामू कांडतो हाय, पोरी," मी म्हणालो.

दामूने मान वर केली नाही. "हात बसला नाय अजून, सांग तिला. बारकाच हाय म्हनावं."

मी तसंच सांगितलं. मग मॅडमनी हळूच विचारलं, "वर नाव काय लिहू?"

मी दामूला विचारलं. त्याने उखळात हात घालून दाणे चाचपले. अर्ध्यांची टरफलं तशीच होती.

"ठमीच लिव म्हनावं," तो म्हणाला, आणि त्याने मुसळ उचललं.