तपासलेला नंबर

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी संगणकाने मला चौथ्यांदा तेच सांगितलं: समोरून उत्तर येत नाही.

बाकी सगळीकडून येत होतं. बातम्या उघडत होत्या, बँक उघडत होती, हवामान उघडत होतं. उघडत नव्हतं ते फक्त सागरी संशोधन संस्थेचं पान, आणि माझा अर्ज पाच वाजेपर्यंत तिथेच पोहोचायला हवा होता.

जागा दोन वर्षांची, समुद्रकाठच्या प्रयोगशाळेतली. वयाची अट चाळीस. मला पुढच्या महिन्यात चाळीस पूर्ण होणार होती, म्हणजे पुढच्या वर्षी बघू असं म्हणायची सोय उरली नव्हती. मंगळवारीच अर्ज भरून, सगळी जोडपत्रं चढवून झाली होती. शेवटचं बटण तेवढं मी दाबलं नव्हतं. चार दिवस स्वतःला विचार करायला दिले होते. शुक्रवारी त्यांचं संकेतस्थळ दुरुस्तीसाठी बंद होतं. आज शनिवार.

मोबाइलवर तेच पान सरळ उघडलं. माझा अर्ज होता तसा होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: अंतिम सादरीकरण फक्त संगणकावरून. मोबाइलला संगणकाचं सोंग घ्यायला लावून पाहिलं, ते त्यांनी ओळखलं. माझ्या प्रयोगशाळेला सुट्टी, समोरच्या बिऱ्हाडाला कुलूप. राहिला हा घरातला संगणक, आणि तो हटून बसला होता.

मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. पुन्हा उठले.

"काय गं, चुळबुळ चाललीय?" पलीकडच्या खोलीतून बाबांनी विचारलं. "मघापासून खुर्ची सरकतेय."

"इंटरनेट नीट चालत नाहीये."

"सगळं?"

"थोडं."

कुठलं थोडं, ते मी सांगितलं नाही. अर्जाचं आईला माहीत होतं, बाबांना नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना ते दाराच्या चौकटीकडे बघतात, तेव्हा मी त्यांना दिसते. तेव्हापासून त्यांची पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, मीटरचे आकडे मी वाचून दाखवते. निवड झाली तर सांगू, नाही झाली तर उगाच कशाला, असा मी हिशेब केला होता. आई म्हणाली होती, "तुझं तू बघ. मी तोंड उघडणार नाही, पण मला खोटं बोलायला लावू नकोस." आणि आज मुद्दाम लवकर फिरायला निघून गेली होती.

तीन वाजता मी मदत केंद्राला फोन लावला. दहा मिनिटं संगीत ऐकलं. मग एक तरुण आवाज आला.

"मॅडम, राउटर बंद करा आणि तीस सेकंद थांबा."

"केलाय आधीच."

"पुन्हा करा ना, माझ्यासाठी."

केला.

"तीस झाले?"

"चौतीस."

"वा. आता चालू करा."

दिवे एकेक करून लागले. पान उघडलं नाही. त्याने मला नाव शोधून देणारा सर्व्हर बदलायला सांगितला, बदलला. संगणकाने लक्षात ठेवलेली जुनी नावं पुसून टाकायची आज्ञा दिली, तीही दिली. कुठलासा खूण केलेला चौकोन काढायला लावला, काढला. प्रयोगशाळेत हाताखालच्या मुलींना मी सतत सांगत असते की एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. इथे मी वीस मिनिटांत चार गोष्टी बदलल्या होत्या आणि एकीचीही नोंद केली नव्हती.

"मॅडम, आमच्या बाजूने सगळं ओके आहे," आवाज म्हणाला. "त्यांचंच पान बंद असेल."

"माझ्या मोबाइलवर उघडतंय."

"मोबाइलचं नेट वेगळं असतं मॅडम."

हे मात्र खरं होतं, आणि मला आधी सुचायला हवं होतं. मी मोबाइल घरच्या वायफायला जोडला. पान उघडलं. म्हणजे लाइन ठीक, राउटर ठीक, संस्था ठीक. दोष होता तो माझ्या समोरच्या काळ्या डब्यात. मी त्याला ते सांगितलं.

"मग तो तुमचा पर्सनल प्रॉब्लेम झाला," तो म्हणाला आणि सेवेबद्दल पाचपैकी किती गुण देणार ते विचारलं.

मी फोन ठेवला. तीन पंचेचाळीस. हाताला घाम आला होता, माउस चिकट लागत होता.

"अगं मोजपट्टी," बाबांची हाक आली. मी लहानपणी घरातली भांडीसुद्धा मोजायची, तेव्हापासून हे नाव आहे. "नाव सांगितल्यावर नंबर मिळतोय का तुला?"

"मिळतोय."

"मग बरोबर मिळतोय का ते बघ. आमच्याकडे लोक तक्रार करायचे, अमक्याचा फोन बंद आहे. फोन चालू असायचा. माणसाने बिऱ्हाड बदललेलं असायचं."

बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौकशीच्या टेबलावर होते, एकतीस वर्षं. लोक नाव सांगायचे, बाबा नंबर सांगायचे. इंटरनेटचंही तेच असतं, हे त्यांना निवृत्त झाल्यावर कळलं तेव्हा त्यांना झालेला आनंद मला आठवतो. संगणकाला नावं कळत नाहीत. तो आधी कुणाला तरी नाव विचारतो, चार संख्यांचा पत्ता मिळवतो, मग जातो. "म्हणजे मीच बसलोय की आत," असं ते तेव्हा म्हणाले होते.

मी काळी खिडकी उघडून दोन आज्ञा दिल्या. एकीने बाहेरच्या सर्व्हरला थेट विचारलं. दुसरीने आमच्या संगणकाला विचारलं, की तू कुठे जातोस. उत्तरं वेगळी आली. मी स्क्रीनकडे बघत राहिले आणि आकडे मोठ्याने वाचले. बाबांच्या डोळ्यांमुळे ती सवयच लागली होती.

"बाहेरचा म्हणतो, एकशे अठ्ठ्याण्णव, एक्कावन्न, शंभर, सत्तावीस. आपला म्हणतो, दोनशे तीन, शून्य, एकशे तेरा…"

"चौदा," बाबा म्हणाले.

मी मान वळवली. ते दारात येऊन उभे होते. एक हात चौकटीवर, नजर कपाटाकडे, म्हणजे माझ्याकडे.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच लिहिलाय." मग थोडं थांबून, "ही तुझी समुद्राची संस्था. तिथे आता तुझं काय काम निघालं?"

घड्याळात चार वाजून तीन मिनिटं झाली होती. थाप मारायला वेळ होता, पण थाप सुचायला तो पुरेसा नव्हता. मी सांगितलं. जागा, दोन वर्षं, चाळीसची अट, पाच वाजता. सांगताना माझा आवाज प्रयोगशाळेत अहवाल वाचते तसा झाला.

"आईला माहीत आहे?"

"आहे."

"छान. एकतीस वर्षं चौकशीच्या टेबलावर बसलो, आणि घरातली बातमी मलाच नाही."

बाबांनी चौकटीवरचा हात काढला, परत ठेवला.

"तू शिकायला होतीस तिथे," ते म्हणाले, "तेव्हा तुझा निकाल लागायचा होता. दोन दिवस नाव लागेना, इकडचा सर्व्हरच आजारी होता. मी कुणाकडून तरी नंबर मिळवला आणि संगणकाच्या स्वतःच्या यादीत लिहून टाकला. तो आधी घरातली यादी बघतो. तिथे नाव सापडलं की बाहेर विचारतच नाही."

"मग ती यादी…"

"प्रत्येक नव्या संगणकात आधी ती उतरवून घ्यायचो. आणि दर तीन महिन्यांनी तपासायचो. नंबर बदलला असेल तर बदलायचो." त्यांनी घसा साफ केला. "डोळे होते तोवर."

म्हणून पुसायची आज्ञा देऊन उपयोग झाला नव्हता. जे मी पुसत होते ते उसनं होतं, आणि हे घरचं होतं. दोन वर्षं ती ओळ कुणी तपासली नव्हती आणि काही बिघडलंही नव्हतं, कारण संस्था जागची हलली नव्हती. शुक्रवारी हलली.

त्या यादीची फाइल मला सापडली, पण ती बदलायला गेले तर संगणकाने मुख्य पासवर्ड मागितला. तो बाबांचा होता.

"सांगा, मी टाइप करते."

"पासवर्ड सांगायचा नसतो."

"बाबा, चार वाजून नऊ मिनिटं झालीत."

"मग ऊठ तिथून."

ते खुर्चीत बसले. दोन्ही तर्जन्यांनी कीबोर्डवरचे ते दोन बारीक उंचवटे चाचपले आणि टाइप केलं. चुकीचा. पुन्हा. चुकीचा. मी त्यांच्या पाठीमागे उभी होते आणि स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरलं होतं. कधी नव्हे तो एक वाईट विचार मनात आला: त्यांनी मुद्दाम चुकवायचं ठरवलं तर मला कळणारही नाही. लगेच लाज वाटली. पण विचार गेला नाही, तिथेच घुटमळत राहिला.

"मोठ्या अक्षरांचं बटण चालू आहे का बघ," बाबा म्हणाले.

चालू होतं. मघाशी मीच घाईत दाबलं असणार.

तिसऱ्यांदा उघडलं. अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत नंबर, नाव, आणि पुढे बाबांची टीप: तारीख, "तपासले, ऑ. १७". ऑपरेटर सतरा. पाचव्या ओळीत संस्था होती. टीप थोडी वेगळी होती: "ताईचे निकाल. तपासले." ताई म्हणजे मी. शेवटची तारीख त्यांच्या डोळ्यांच्या पहिल्या तपासणीच्या आदल्या आठवड्यातली होती. निकाल लागून तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

मी ओळ निवडली आणि पुसायचं बटण शोधलं.

"काय करतेस?" बाबांनी विचारलं.

"काढून टाकते."

"खोडायचं नाही. आमच्याकडे नोंद खोडत नसत. आधी चौकटीची खूण घाल, फोनच्या बटणावर असते ती, म्हणजे संगणक ती ओळ वाचणार नाही. मग पुढे तारीख. मग रद्द. मग सही."

"बाबा, आत्ता सही…"

"या एका ओळीनेच झालंय ना हे सगळं? कुणी केलं, कधी केलं, ते नको कळायला?"

चार वाजून सोळा मिनिटं. चार बदल नोंदीशिवाय करून बसलेल्या मला बोलायला तोंड नव्हतं. मी खूण घातली, तारीख घातली, "रद्द" लिहिलं.

"सही काय करू?"

बाबांनी विचार केला. "ऑ. अठरा."

लिहिलं. फाइल जतन केली. पान उघडलं नाही. मग लक्षात आलं की ब्राउझर मघापासून तसाच उघडा आहे. तो बंद केला, पुन्हा चालू केला. संस्थेचं निळं पान हळूहळू वरून खाली भरत गेलं, एखादी बादली उलटी भरावी तसं.

नाव टाकलं, पासवर्ड टाकला. अर्ज आला. खाली हिरवं बटण.

मी थांबले. चार दिवस जे करायचं ठेवलं होतं ते आता दोन सेकंदांत करायचं होतं. बाबा अजून खुर्चीतच बसले होते. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून माउस धरला होता.

"डोळ्यांची पुढची तपासणी…" मी म्हणाले.

"आई येईल. तिलाही आकडे वाचता येतात. घाई करते एवढंच, सातचा एक वाचते." ते खिडकीकडे बघत होते, म्हणजे स्क्रीनचा डावा कोपरा त्यांना दिसत असणार. "किती वाजले?"

"चार एकोणतीस."

"मग कशाची वाट बघतेस?"

मी बटण दाबलं. एक गोल फिरत राहिला. मग पोच आली, नऊ आकड्यांची.

"वाच," बाबा म्हणाले.

"लिहून घेते, बाबा."

"कागद हरवतात. वाच."

मी एकदा वाचला. ते ओठांतल्या ओठांत पुटपुटले, बस्स.

पावणेसहाला आई आली. चपला काढता काढता तिने माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीतल्या बाबांकडे, आणि कुणालाच उद्देशून नाही असं विचारलं, "झालं का काम?"

बाबांनी नऊच्या नऊ आकडे म्हणून दाखवले. मध्ये कुठेही न थांबता.

"हे काय?" आई म्हणाली.

"हिच्या अर्जाचा नंबर. तुला माहीत असलेल्या."

आई आत गेली. थोड्या वेळाने तिने पाण्याचे तीन पेले आणून ठेवले. एक बाबांच्या उजव्या हाताशी, जिथे तो त्यांना दिसतो.

"निवड झालेली नाही अजून," मी म्हणाले. "दोन महिने लागतील कळायला."

"दोन महिने बरेच झाले," बाबा म्हणाले. "अजून दहा ओळी आहेत. तू आहेस तोवर तपासून घेऊ. कागद घे. पहिली वाच."

"आत्ता?"

"तुला बसवतंय का स्वस्थ?"

नव्हतंच बसवत. मी कागद घेतला आणि पहिली ओळ वाचली. हवामान. नंबर बरोबर निघाला. आजची तारीख घालून ऑ. अठरा लिहिलं. दुसरी ओळ निवृत्त ऑपरेटरांच्या मंडळाची होती. आत विचारलं, बाहेर विचारलं.

"हा बदललाय," मी म्हणाले.

बाबांचा हात पेल्याकडे गेला होता, तो मध्येच थांबला. "कधी?"

"ते कळत नाही. दोन वर्षांत कधीतरी."

"तरीच. मला वाटलं, मंडळच बंद पडलं," ते म्हणाले. मग पेला उचलला. "नवा सांग."